घरचं क्षारांचं पेय: उन्हासाठी वेगळं, जुलाबासाठी वेगळं

एप्रिल उजाडला की बेळगाव असो, म्हापसा असो की इंदूर, मेडिकल दुकानाच्या काउंटरवर रंगीत खोक्यांची रास लागते. संत्रं, सफरचंद, आंबा अशा चवी आणि वर ठळक अक्षरांत ‘इलेक्ट्रोलाइट’. त्याच दिवसांत मोबाइलवर घरगुती कृती फिरू लागतात. कुणी मध-लिंबू सांगतं, कुणी गुलाबी मीठ, कुणी शहाळ्याच्या पाण्यापुढे बाकी सगळं फिकं असं ठासून सांगतं. यातलं बहुतेक काही उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला चालून जातं. तेच पेय जुलाब होणाऱ्या दोन वर्षांच्या लेकराला दिलं, तर मात्र प्रकरण अंगाशी येऊ शकतं. घाम गेलेल्या शरीराची गरज आणि जुलाबाने रिकाम्या झालेल्या शरीराची गरज एक नसते. घरी पेय करायचं असेल तर आधी हा फरक डोक्यात पक्का हवा. कृती त्यानंतर.

क्षार जातात कुठे, येतात कसे

इलेक्ट्रोलाइट म्हणजे शरीरातल्या पाण्यात विरघळलेले क्षार: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम. स्नायूंचं आकुंचन, नसांमधले संदेश, हृदयाचे ठोके हे सगळं त्यांच्या प्रमाणावर चालतं. घामातून मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड जातं, म्हणजे आपलं साधं मीठच. दिवसभर उन्हात काम करणाऱ्याच्या काळ्या शर्टावर पाठीला पांढरी रेघ उमटते, ते हेच. जुलाबात सोडियमबरोबर पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही जातं, आणि तेसुद्धा फार वेगाने.

नुसतं पाणी पीत राहिलं तर? थोड्या घामाला पाणी पुरतं. पण चार-पाच तास घाम गाळून लिटरच्या लिटर साधंच पाणी प्यायलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, क्वचित झटकेसुद्धा येतात. शेतमजूर, गवंडी, लांब पल्ल्याचे धावपटू यांना हा धोका जास्त.

साखरेचं काम चवीपुरतं आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. लहान आतड्याच्या अस्तरात एक वाट अशी आहे की तिच्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही गोष्ट १९६० मध्ये मांडली. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा शाबूत राहते. म्हणून मीठ-पाण्यात थोडी साखर घातली की पाणी शरीरात शिरतं. पण साखर जास्त झाली की उलटा खेळ सुरू होतो. दाट गोड पाणी आतड्यात पडलं की ते शरीरातलंच पाणी आतड्यात खेचून घेतं आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं, आणि लहान मुलाच्या मेंदूला ते घातक ठरू शकतं. घरात असणाऱ्या तीन वस्तूंचं हे पेय, पण सगळं गणित मापाचं आहे.

बनगावची छावणी

या मापाची किंमत देशाला कळली तीही एका सीमेवरच. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं, आणि ते लावायला हातही पुरेसे नव्हते. तिथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्या भरून घेतल्या. लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा आणि २२ ग्रॅम ग्लुकोज. हे पाणी पिंपांत कालवून ठेवलं आणि रोग्याच्या नातेवाइकांनाच सांगितलं की पेल्याने पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्के होतं, ते चारच्या आत आलं. पुढे १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपायाला शतकातला कदाचित सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनोबिस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण जाहीर झाला तो २०२३ मध्ये, मरणोत्तर. जिवंतपणी झाला असता तर बरं झालं असतं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे याच मिश्रणाला जलसंजीवनी हे सुंदर नाव मिळालं, पण बोलताना सगळे ओआरएसच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये त्याचं सूत्र बदललं. एका लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. जुन्या सूत्रापेक्षा मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केलं, आणि त्याने उलट्या व जुलाबाचं प्रमाण घटलं. ‘जास्त घाला म्हणजे जास्त ताकद येईल’ हा आपला स्वयंपाकघरातला हिशेब इथे लागू पडत नाही.

जुलाब-उलटी असेल तर आधी पुडी

घरगुती पेयाचा लेख असला तरी हे स्पष्ट लिहायला हवं: जुलाबासाठी पहिली पसंती पुडीलाच. तिच्यात पोटॅशियम आणि सायट्रेट असतं, ते मीठ-साखरेच्या पाण्यात नसतं. सरकारी दवाखान्यात आणि आरोग्य उपकेंद्रात ती फुकट मिळते. पुडीवर कन्नड असो, गुजराती असो वा तेलुगू, सूत्र एकच असतं. त्यामुळे सोलापूरची पुडी हैदराबादला आणि कोल्हापूरची निपाणीला डोळे झाकून चालते. पाहायचं ते एवढंच की पुडी किती पाण्याची आहे. मोठी पुडी एका लिटरची, पण बाजारात २०० मिलीच्या छोट्या पुड्याही मिळतात. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर ती पाचपट खारट होते. घरोघरी होणारी सर्वात धोक्याची चूक हीच. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असंही करू नये, कारण अर्ध्या पुडीत कोणता क्षार किती आला हे सांगता येत नाही. अख्खी पुडी, पूर्ण पाणी, आणि २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं.

रात्री दोनला पुडी नसेल, दुकान लांब असेल, तेव्हा घरचं पाणी करायचं. उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी एक लिटर, साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चहाचा चमचा. बस. लिंबू पिळलं तर चालतं, पण नाही पिळलं तरी काही अडत नाही.

आता या चमच्याबद्दल थोडं. कृती सगळ्यांना पाठ असते, घोळ चमच्यातच होतो. इथला चमचा म्हणजे पाच मिलीचा. पोहे खायचा चमचा त्याच्याहून मोठा असतो. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाकलेला. शीग लावून घेतला तर माप दीडपट-दुप्पट सहज होतं. चिमटीचं तर विचारूच नका. आजीची तीन बोटांची चिमूट आणि कॉलेजातल्या नातवाची दोन बोटांची, यांत काही मेळ नसतो. सोपा उपाय म्हणजे खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण धुऊन, कोरडं करून ठेवून देणं. त्यावर अडीच आणि पाच मिलीच्या रेघा असतात. अडीच मिलीच्या रेघेपर्यंत बारीक मीठ म्हणजे साधारण तीन ग्रॅम. पाच मिली साखर सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, सहा वेळा घेतली की २५ ग्रॅम. पाण्याचं माप म्हणून लिटरची बाटली वापरावी, तांब्या नव्हे.

एक शंका हिशेबी माणसाला येईलच: पुडीत साडेतेरा ग्रॅम आणि घरी २५ ग्रॅम, असं का? पुडीत ग्लुकोज असतं, घरात साखर. साखर पोटात फुटली की तिचं निम्मं ग्लुकोज होतं आणि निम्मं फ्रुक्टोज. म्हणजे २५ ग्रॅमातून कामाचं ग्लुकोज तेरा ग्रॅमच्या घरातच येतं. हिशेब जुळतो. आणि खर्च? साखर ४५ रुपये किलो धरली तर लिटरमागे सव्वा रुपयाही लागत नाही.

पाजायचं कसं, हे प्रमाणाइतकंच महत्त्वाचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्या माणसाला हवं तितकं. बाळाला बाटलीने नको, वाटी-चमच्याने, हळूहळू. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. ‘पाजलं की उलटतंय’ म्हणून बंद करणं हे चुकीचं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. जेवणही तोडायचं नाही. मऊ भात, वरण, दही, पिकलेलं केळं द्यावं. पुडीत असणारं आणि घरच्या पाण्यात नसणारं पोटॅशियम थोडंफार केळ्यातून मिळतं. मुलांना जुलाबात झिंकच्या गोळ्याही चौदा दिवस देतात, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या.

डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू बसते, मूल मलूल पडलंय किंवा पीतच नाही, शौचात रक्त आहे, यातलं काहीही दिसलं की घरचे प्रयोग थांबवून दवाखाना गाठायचा. दोन-तीन महिन्यांच्या बाळासाठी तर वाटच पाहायची नाही.

रंगीत खोक्यांचं काय, हा प्रश्न राहतो. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं हाच मुद्दा लावून धरला, की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापलं जातं आणि आईबाप ते औषध समजून जुलाब झालेल्या मुलांना पाजतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायची मुभा काढून घेतली. तरी खोका हातात घेतल्यावर मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घेतलेली बरी. लिटरमागे साखर तेरा-चौदा ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त दिसली, की ते सरबत आहे असं समजावं.

उन्हाचं पेय: इथे चवीला मोकळीक

घाम भरून काढायचा असेल तेव्हा माप एवढं कडक नाही आणि मीठही कमी लागतं. लिटरभर पाण्याला पाव सपाट चमचा मीठ, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम, पुरे होतं. तीन-चार चमचे साखर किंवा तेवढाच किसलेला गूळ आणि एक-दोन लिंबं. आपल्याकडे उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी द्यायची रीत होती. तिच्यात पाणी होतं, साखर होती, गुळातलं थोडं पोटॅशियम होतं. चिमूटभर मीठ टाकलं की ती पुरी झाली. कोणत्याही पेयात लिटरला अर्धा चमचा मीठ ही वरची हद्द समजावी.

बाकी सीमाभागातल्या आणि बाहेरच्या मराठी घरांना नवीन काही शिकायची गरजच नाही, इतकं आपल्या ताटाभोवती आहे. ताकाचंच बघा. बेळगावात शेजारीण त्याला मज्जिगे म्हणते, हैदराबादेत मज्जिगा, बडोद्यात छास, माळव्यात छाछ. एक वाटी दह्याला तीन-चार वाट्या पाणी, मीठ, जिरेपूड. पाणी, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम सगळं एका पेल्यात, आणि साखरेची गरज नाही. मधुमेह असणाऱ्यांना हेच सोयीचं. फक्त रस्त्यावरचं ताक कोणत्या पाण्याचं आणि कोणत्या बर्फाचं, हा प्रश्न मे महिन्यात विचारलाच पाहिजे. क्षार भरून काढायला जाऊन जुलाब घरी आणण्यात काय अर्थ?

कोकमाबाबत एक गोष्ट सांगायला हवी. गोवा आणि तळकोकणात, पलीकडे कारवार-शिरसीच्या पट्ट्यात जिथे त्याला मुरुगलु म्हणतात, बाजारात दोन बाटल्या शेजारी असतात. अमृत कोकम हा साखरेचा पाक, आणि आगळ हा मीठ घातलेला दाट रस. रंग सारखा, स्वभाव उलटा. आगळ असेल तर पेयात वेगळं मीठ घालायचंच नाही. अमृत कोकम असेल तर साखर घालायची नाही, पाव चमचा मीठ घालायचं. सर्वात सरळ मार्ग आमसुलांचा: आठ-दहा आमसुलं तासभर पाण्यात भिजवून कुस्करायची, गाळून लिटरभर पाणी करायचं, गूळ आणि जिरेपूड घालायची. आमसुलांनाही वाळवताना मीठ लागलेलं असतं, म्हणून आधी चव बघायची आणि मग मीठ.

कैरीचं पन्हं इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी घरांत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आजही होतं. पण हळदीकुंकवाचं पन्हं हे कौतुकाचं पेय. त्यात गराइतका किंवा त्याहून जास्त गूळ पडतो. शेतात न्यायच्या बाटलीसाठी गूळ निम्म्याहून कमी करावा, पाणी वाढवावं, मिठाला कंजुषी नको. कर्नाटक आणि तेलंगणात रामनवमीला देतात ते पानक हेही याच कुळातलं: गूळ, पाणी, सुंठ किंवा मिरी, वेलची.

आणि पेज. गोव्यात उकड्या तांदळाची पेज सकाळी अकराच्या सुमाराला लोणच्याबरोबर घेतात, ती उगाच नाही. शेतात राबणाऱ्याला पाणी, पिष्ट आणि मीठ एकत्र मिळतं. पिष्टाचं ग्लुकोज पोटात हळूहळू होतं, त्यामुळे पाणी आतड्यात उलटं खेचलं जात नाही. तांदळावर आधारलेलं क्षारपाणी कॉलऱ्यात चांगलं काम करतं हे वैद्यकशास्त्रानेही मान्य केलेलं आहे. म्हणून पातळ, मीठ घातलेली पेज ही उन्हात आणि जुलाबात, दोन्हीकडे चालणारी. बेळगाव-विजापूरकडे हीच जागा ज्वारीच्या किंवा नाचणीच्या अंबिलीची. ताक घातलेली गार अंबील दुपारी पोटात गेली की संध्याकाळपर्यंत माणूस उभा राहतो.

शहाळ्याबद्दल मात्र थोडं कडू बोलावं लागतं. शहाळ्याचं पाणी उत्तम आहे, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. घामातून तर सोडियम गेलेलं असतं. म्हणून उन्हातून आल्यावर शहाळं प्यावं आणि बरोबर काहीतरी खारं खावं. जुलाबात नुसत्या शहाळ्यावर विसंबू नये. गुलाबी मिठाचं कौतुकही जरा आवरतं घ्यावं. त्यातही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं, इतर खनिजं नावापुरती, आणि पाकिटावर लिहिलेलं नसेल तर आयोडीनही नसतं. मिठागरातल्या जाड्या मिठाचा चमचा बारीक मिठापेक्षा हलका भरतो, कारण खड्यांमध्ये पोकळी राहते. म्हणून वरची सगळी मापं बारीक मिठाची आहेत.

कुणी जपून

पंख्याखाली बसून काम करणाऱ्याला रोज क्षारांच्या पेयाची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. आपलं लोणचं, पापड, चटणी, फरसाण धरलं तर तो आकडा दुपारीच ओलांडला जातो. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असली पेयं रोज घेऊ नयेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांना शहाळं आणि ‘लो सोडियम’ मीठ या दोन्हींतलं पोटॅशियम बाधू शकतं. दुकानात हे मीठ ‘आरोग्यदायी’ म्हणून विकलं जातं, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. मधुमेहींनी उन्हात ताक घ्यावं. पण जुलाब झाले तर साखरेला घाबरून ओआरएस टाळू नये, प्यावं आणि साखर तपासत राहावी. एक वर्षाखालच्या बाळाच्या पेयात मध कधीही नको.

लघवीचा रंग हा घरच्या घरी बघायचा सोपा काटा. फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतंय, गडद असेल तर कमी पडतंय. आणि उन्हात कुणी कोसळलं, बरळायला लागलं, अंग तापलेलं असेल, तर त्याच्या तोंडात कोणतंही पेय ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत घ्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि १०८ ला फोन लावायचा. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगणा, सगळीकडे हाच नंबर चालतो.